माउंट बाल्डी ते गमाडिया रोड

१९९९मध्ये कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन मुंबईत येऊन राहिला. केम्प्स कॉर्नरच्या साध्या हॉटेलात मुक्काम, आणि सकाळी गमाडिया रोडवर रमेश बालसेकरांच्या घरी सत्संग. तेव्हा त्याची पासष्टी जवळ आली होती.

तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. तरुणपणापासून नैराश्य त्याच्या मागे लागलं. दारू झाली, औषधं झाली, नाती जुळली नि तुटली. कशाचाच गुण आला नाही. १९९३चा दौरा त्याने वाइनच्या आधारावर कसाबसा रेटला आणि पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात बिऱ्हाड हलवलं. तिथे पहाटे तीनच्या आधी उठायचं, थंडीत ध्यानाला बसायचं, मठाचे म्हातारे गुरू सासाकी रोशी यांच्यासाठी रांधायचं. १९९६मध्ये दीक्षा मिळाली आणि ‘जिकान’ हे नाव. एवढं करूनही मनावरचं सावट हटेना. (पुढे या रोशींवर स्त्री-शिष्यांनी लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप केले. कोहेनची त्यांच्याबद्दलची कृतज्ञता खरी असली, तरी त्या स्त्रियांचं दुःख झाकून ठेवता येत नाही.)

मठात असतानाच बालसेकरांचं पुस्तक त्याच्या हाती पडलं होतं. बालसेकर बँक ऑफ इंडियातले निवृत्त उच्चाधिकारी, निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज म्हणजे मारुती कांबळी, विडीचे दुकानदार. खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर ते अस्सल मराठीत बोलत आणि परदेशी साधकांसाठी बालसेकर ते इंग्रजीत सांगत. तेच अद्वैत पुढे बालसेकर आपल्या घरी मांडू लागले: जे घडतं ते घडतं, त्याचा कर्ता ‘मी’ नव्हे. आयुष्यभर स्वतःलाच दोषी धरत आलेल्या माणसाला हे किती मोकळं करणारं असेल! विडीच्या दुकानातून निघालेला हा विचार मॉन्ट्रियलच्या कवीपर्यंत पोचला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

नैराश्य हळूहळू ओसरलं. नेमकं कशाने, ते त्यालाही सांगता येत नसे. वयाचाही हात असेल, असं तो म्हणे. मला ही कबुली सगळ्यात मोलाची वाटते, कारण ‘अमुक गुरूंनी बरं केलं’ असा दाखला त्याने कुणाच्याही हाती दिला नाही.

पुढे त्याच्याच व्यवस्थापिकेने त्याची बहुतेक पुंजी लुबाडल्याचं उघड झालं. न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण वसुली होईना. २००८मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा दौऱ्यावर निघाला.

झेन आणि अद्वैताच्या वाटेवर चालतानाही जन्माने मिळालेला यहुदी धर्म त्याने कधीच सोडला नव्हता. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम आला. त्यात मॉन्ट्रियलमधल्या त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगचा गायकवृंद गायला आहे.