थरथरणारे हँडल

वेगाने धावणाऱ्या मोटारसायकलचे हँडल कधी कधी अकस्मात थरथरू लागते. एका सेकंदात ४ ते १० वेळा ते डावीउजवीकडे हेलकावते. अशा वेळी एकाएकी ब्रेक दाबू नये. ब्रेकमुळे भार पुढच्या चाकावर येतो व थरथर वाढते. वेग हळूहळू कमी करून गाडी थांबवावी.

दोषाचा शोध सोप्या गोष्टींपासून घ्यावा. प्रथम थंड टायरमधील हवेचा दाब मोजावा आणि टायर एकसारखा झिजला आहे की नाही, हे पाहावे. मागील जड ओझ्याने पुढचे चाक हलके पडते. ते ओझे उतरवावे. नंतर गाडी भक्कम आधारावर ठेवून पुढचे चाक जमिनीपासून उचलावे. फिरवलेल्या चाकाचा एकच भाग वारंवार खाली येऊन थांबत असेल, तर चाकाचा तोल बिघडलेला असतो. फिरताना रिम डोलत असेल, तर ती वाकलेली असते. चिमटा खालून धरून मागेपुढे हलविल्यास खुळखुळ जाणवली, तर हँडलच्या मानेतील बेअरिंग सैल झाले आहे, असे समजावे.

एका वेळी एकच दोष दूर करून पुन्हा तपासणी करावी. म्हणजे खरे कारण निश्चित कळते. सैल झालेला लहानसा नटही स्वाराच्या प्राणावर बेतू शकतो.