टाकीत माणूस उतरवतो कोण?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची बातमी येते. सेप्टिक टँक साफ करताना गुदमरून दोन किंवा तीन कामगारांचा मृत्यू. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पुढील तपास चालू आहे. मृतांची नावे दिलेली असतात, वय दिलेले असते, गाव दिलेले असते. टाकी कोणाची होती, काम कोणी दिले, किती रुपयांत ठरले आणि टाकी याआधी कधी उपसली होती, हे मात्र त्या चार ओळींत कधीच नसते. माझ्या मते खरी बातमी तिथेच असते.

गटारात मरणाऱ्या कामगारांबद्दल चळवळीत थोडेफार बोलले जाते, कारण तिथे समोर महानगरपालिका असते, मोर्चा नेता येतो, आयुक्तांना निवेदन देता येते. संडासाची टाकी मात्र खासगी असते. ती बंगल्याच्या मागे, हॉटेलच्या बोळात, मंगल कार्यालयाच्या अंगणात, सोसायटीच्या पार्किंगखाली असते. तिच्यावर फरशी बसवलेली असते आणि फरशीवर गाडी उभी असते. त्या टाकीचा मालक कुणी मंत्री नसतो. तो तुमच्या-आमच्यासारखा मेंटेनन्स भरणारा सभासद असतो.

ही टाकी चालते कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण माणूस का मरतो याचे उत्तर त्यातच आहे. संडासातून येणारे सगळे टाकीत जमते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा नाल्यात जाते. तळाचा गाळ कुजतो, पण सगळाच कुजून संपत नाही, तो साचत जातो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलावून टाकी रिकामी करायची, हा साधा नियम. तेवढ्या काळात गाळ पातळ असतो, गाडीचा पाइप तो सहज ओढून घेतो आणि कोणाला आत उतरावे लागत नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

पण आपल्याकडे टाकी उपसली जाते ती तुंबल्यावर. तळमजल्यावरच्या संडासातून पाणी उलटे येऊ लागले की मग सेक्रेटरीला जाग येते. तोवर आठ-दहा वर्षे गेलेली असतात, तळाचा गाळ मातीसारखा घट्ट झालेला असतो, झाकण फरशीखाली गाडलेले असते. गाडी येते, वरचे पाणी ओढते आणि थांबते. मग ठेकेदार म्हणतो, खालचा गाळ माणूस उतरवूनच काढावा लागेल. समिती मान डोलावते. कोणी कोणाला मारायचे ठरवलेले नसते, पण त्या क्षणी एक माणूस बादली आणि फावडे घेऊन शिडीवर पाय ठेवतो.

आत काय असते? हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड, आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरएक भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असे आतल्या माणसाला वाटते. प्रमाण हजाराच्या घरात गेले की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. शिवाय हा वायू गाळात अडकून असतो. झाकण उघडून दोन तास ठेवलेली टाकी वरून निर्धोक वाटते आणि फावड्याचा पहिला घाव बसला की खालून वायू सुटतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क याला अडवू शकत नाही. काडी पेटवून पाहण्याची पद्धत तर मूर्खपणाची आहे, मिथेन पेट घेतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दुसऱ्यासाठी तिसरा. बातमीत दोन-तीन मृत्यू असतात ते यामुळे.

हे ज्ञान गुप्त नाही. तरी माणूस उतरवला जातो, कारण उतरणारा कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते. केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेखाली गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी सुरू केली. २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले, त्यातही दोन तृतीयांशाहून अधिक एकट्या अनुसूचित जातींचे. आरक्षणाविरुद्ध 'गुणवत्ते'चे फलक घेऊन रस्त्यावर येणारे या ९२ टक्क्यांत आपला वाटा मागायला कधी आले आहेत काय? ज्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षाचा मुलगा त्या टाकीत उतरण्याची वेळ येईल, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शहरात यंत्रे येतील.

आता कायद्याकडे वळू. १९९३ चा कायदा कोरड्या संडासांपुरता होता. २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. तारीख निवडणाऱ्याच्या मनात काय होते ते त्यालाच माहीत. या कायद्याचे कलम ७ सांगते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था कोणालाही गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावणार नाही. यातले 'कोणतीही व्यक्ती' आणि 'अप्रत्यक्षपणे' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. आम्ही ठेकेदाराला काम दिले, त्याने माणसे कुठून आणली ते आम्हाला माहीत नाही, हा सोसायटीचा नेहमीचा बचाव या दोन शब्दांपुढे टिकत नाही. कलम ९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. कलम २२ नुसार गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

कायद्यात पळवाटही आहे. 'धोकादायक सफाई' म्हणजे सुरक्षासाधने न देता केलेली सफाई, अशी व्याख्या आहे. साधने दिली की उतरवायला मोकळीक, असा अर्थ ठेकेदार काढतात आणि साधने म्हणून रबरी हातमोज्यांची एक जोडी दाखवतात. नियमांत साधनांची लांबलचक यादी आहे, ती कोण वाचतो? सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या सफाई कर्मचारी आंदोलन प्रकरणात १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग प्रकरणात ती तीस लाख झाली.

खासगी टाकीच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातला निकाल अधिक महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. खासगी जागेतले काम, तेव्हा भरपाई काम देणाऱ्याने द्यावी, असा सरकारचा पवित्रा होता. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. सरकारने प्रत्येकी दहा लाख द्यावेत आणि हवे तर जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावेत, असे सांगितले. त्या तीन बायकांनी हे मिळवले, कोणत्या पक्षाने नाही.

त्याच २०२१ च्या जुलैमध्ये राज्यसभेत केंद्र सरकारने लेखी उत्तर दिले की हाताने मैला साफ केल्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. उत्तर देणारे राज्यमंत्री होते रामदास आठवले. दलित पँथरमधून आलेला नेता हे उत्तर वाचून दाखवतो, यावर मी आणखी काय लिहावे! त्याच अधिवेशनात गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना १९९३ पासून ९४१ जण मेल्याचेही सरकारनेच सांगितले. म्हणजे माणसे मेली, फक्त त्या मरणाचे नाव बदलले.

आणि आपण? गेल्या तीस वर्षांत आपल्या समाजातले हजारो कर्मचारी, शिक्षक, बँकवाले, वकील स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या मंत्राने हे घडले, त्याचा अभिमान आहेच. पण आपल्याही सोसायटीला टाकी आहे. आपणही त्या समितीवर आहोत, काही ठिकाणी चेअरमन आहोत. सभेत दोन कोटेशन येतात, गाडीवाल्याचे जास्त आणि 'माणसे लावून' करणाऱ्याचे कमी, तेव्हा आपला हात कोणत्या कोटेशनसाठी वर होतो? विहारांच्या आणि आपल्या संस्थांच्या वसतिगृहांच्या टाक्यांचे काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात राजगृहाच्या सुनीताची कथा घेतली आहे. भगवंतांनी त्या भंग्याला तुझे काम पवित्र आहे, ते मन लावून कर, असा उपदेश केला नाही. त्याला त्या कामातून उठवून संघात आणले.

यंत्राने होत नाही, परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी वाईला जावे. प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात नगरपरिषदेने २०१८ पासून वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तेच केले. तुंबण्याची वाट न पाहता तीन वर्षांच्या फेरीत गाडी घरोघर जाते. खर्च कराच्या रकमेतून भागतो, गाडी आली तेव्हा घरमालकाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि उपसलेला मैला नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. लहान नगरपरिषदांना जे जमले ते मोठ्या महानगरपालिकांना जमत नाही, हे कोणी पटवून घ्यावे? स्वच्छ भारतच्या नावाखाली संडास बांधल्याचे आकडे जाहीर झाले, पण त्यांखालच्या टाक्या कोण उपसणार, हा प्रश्न त्या फलकांवर कुठेही नव्हता.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी कामाची गोष्ट. असा मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात पहिल्याच दिवशी पोहोचा. अकस्मात मृत्यूची नोंद किंवा निष्काळजीपणाचे कलम, पूर्वी ३०४-अ आणि १ जुलै २०२४ नंतर न्याय संहितेचे १०६, एवढ्यावर समाधान मानू नका. ही कलमे जामीनपात्र आहेत. २०१३ च्या कायद्याची कलमे ७ आणि ९ लावायला सांगा, मृत अनुसूचित जातीचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(जे) सुद्धा. सोसायटीचे इतिवृत्त, कोटेशन आणि पैसे दिल्याचे व्हाउचर जप्त करायची लेखी मागणी करा, कारण आठवड्याभरात ती पाने नाहीशी होतात. भरपाईचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. ठेकेदार घरी येऊन लाख-दीड लाख देऊ करतो आणि कागदावर अंगठा मागतो, तो देऊ नका. आणि कलम १० विसरू नका. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार झाली नाही तर न्यायालय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. घरात रडारड चालू असते, गावाकडे जाणे-येणे चालू असते, त्यात तीन महिने कसे जातात ते कळत नाही. म्हणून ती तारीख घरच्यांवर न सोडता कार्यकर्त्याने आपल्या डायरीत लिहून ठेवायची.