तंतोतंत सारखे प्रकाशकण

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. त्याच्या उद्दिष्टांत एका वेळी एकच प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, देणाऱ्या उगमांचा समावेश आहे. २०२४ मध्ये अभियानाच्या चार केंद्रांपैकी एक, मापन व संवेदन या विषयाचे, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले. परंतु फोटॉन एकेकटा मिळाला म्हणजे काम भागते असे नाही. तो आधीच्या फोटॉनसारखा तंतोतंत असावा लागतो.

टांकसाळीतील दोन नाणी कितीही सारखी असोत, एकावर खूण करून ते वेगळे ओळखता येते. फोटॉनांचे तसे नाही. रंग, ध्रुवण, दिशा व वेळ जुळली की हा कोणता आणि तो कोणता, हा प्रश्नच उरत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून मांडलेल्या गणिताच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. असे दोन फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी आले, तर ते जोडीने एकाच बाजूस बाहेर पडतात. हाँग, औ व मँडेल यांनी १९८७ साली हे प्रयोगाने दाखविले. फोटॉनांत थोडाही फरक असला की ही जोडी फुटू लागते, आणि प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाचे गणित चुकते.

असे फोटॉन मिळविण्याचे एक साधन म्हणजे अर्धवाहकातील पुंजबिंदू. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचा हा कण केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असतो. लेसरच्या प्रत्येक झोताबरोबर तो एक फोटॉन देतो. अडचण शेजाराची आहे. स्फटिकातील अणू थरथरतात, जवळपासचे भटके विद्युत्भार जागा बदलतात आणि दर वेळी रंग किंचित ढळतो. म्हणून पुंजबिंदू उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात. शिवाय त्याच्या वरखाली पातळ थरांचे आरसे रचतात. त्यामुळे फोटॉन लवकर सुटतो व बिघाडास अवधी कमी मिळतो. स्टॅनफर्ड येथे २००२ मध्ये या मार्गाने प्रारंभ झाला. २०१६ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी सारखेपणा ९९ टक्क्यांपलीकडे नेला.

हे झाले एकाच पुंजबिंदूच्या लागोपाठच्या फोटॉनांविषयी. दोन वेगळ्या पुंजबिंदूंचे फोटॉन जुळविणे फार कठीण. कारण हे कण स्फटिकात आपोआप वाढतात आणि हुबेहूब एका आकाराचे दोन सहसा सापडत नाहीत. बाझेल व बोखुम येथील संशोधकांनी २०२२ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्याच पुंजबिंदूंनी ही जुळणी सुमारे ९३ टक्क्यांपर्यंत आणली.