पडदा आणि पटांगण

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनच्या पडद्यावर आला. पुढे शाळा उघडल्या, पण पडदा काही परत गेला नाही. आता अनेक शिक्षक विचारतात : प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन वर्ग यांची सांगड घालायची म्हणजे नेमके काय करायचे? कोणते काम पडद्यावर आणि कोणते वर्गात?

सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नावर आधीच काम झाले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले. संकेतावर फोन धरला की त्या पाठाची चित्रफीत, कविता किंवा प्रश्न समोर येतात. याच कामाची दखल घेऊन डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. सोलापूर शहरातील नीलमनगर ही कामगारांची वस्ती. तेथे अनेक घरांत मुलांसाठी फोन नव्हता. साथीच्या काळात तेथील आशा मराठी विद्यालयाच्या पुढाकाराने घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. मुले येताजाता वाचू लागली.

एका ठिकाणी फोन, दुसऱ्या ठिकाणी भिंत. दोन्हींनी एक मोठे काम केले : पाठ मुलापर्यंत पोचवला. पण शिकण्याचा दुसरा अर्धा भाग उलट दिशेने जातो. मुलाने काय पाहिले, काय मोजले, कोठे अडले, हे कोणीतरी ऐकून त्यावर बोलावे लागते.

हा धडा आपल्या शेजारीच पूर्वी गिरवला गेला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' नावाचा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले होते. सोलापूरला लागून असलेला विजापूर जिल्हाही त्यात होता. दूरचित्रवाणी बोलत असे, पण तिला ऐकू येत नसे. म्हणूनच त्या प्रयोगात शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देताना केवळ संचावर भिस्त ठेवली नव्हती. छापील साहित्य, हाताने करायची कामे आणि गटातील चर्चा यांची जोड दिली होती.

आजचा पडदा ऐकूही शकतो. मग त्याला असे काम द्यावे, जे त्याच्याशिवाय होणारच नाही. एक उदाहरण घेऊ.

सोलापूर आणि जळगाव ही शहरे जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. सोलापूरचे अक्षांश सुमारे १७.७, तर जळगावचे २१. समजा, दोन्हीकडच्या एकेका शाळेने २२ डिसेंबरला पटांगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. जमीन पाणसळीने तपासली. दुपारी १२.१० पासून १२.४० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजली. सर्वांत आखूड सावली सुमारे १२.२५ ला मिळेल. ती सोलापुरात ८७.२ सें.मी. आणि जळगावात ९८.१ सें.मी.च्या आसपास असायला हवी.

सावलीच्या लांबीला काठीच्या लांबीने भागले की सूर्यकिरण आणि काठी यांमधील कोनाचा टॅन्जंट मिळतो. सोलापूरचा कोन ४१.०९ अंश, जळगावचा ४४.४५ अंश. फरक ३.३६ अंश. सूर्य सुमारे १५ कोटी कि.मी. दूर असल्याने दोन्ही ठिकाणचे किरण समांतर मानता येतात. तेव्हा कोनातला फरक किरणांमुळे पडलेला नाही. दोन्ही काठ्या पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेल्या आहेत आणि हा फरक म्हणजे केंद्रापाशी त्यांच्यात होणारा कोन.

आता नकाशासंग्रहात पट्टी ठेवून दोन शहरांमधील उत्तर-दक्षिण अंतर काढायचे. ते सुमारे ३७० कि.मी. भरते. (अक्षांशांवरून अंतर काढू नये; तसे केले तर उत्तर आधीच गृहीत धरल्यासारखे होते.) ३.३६ अंशांना ३७० कि.मी., तर ३६० अंशांना किती? सुमारे ३९,६०० कि.मी. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ ४०,००८ कि.मी. आहे. इराटोस्थेनिसने सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये याच तत्त्वाने परीघ काढला होता.

खरी गंमत यापुढे आहे. सोलापूरच्या मुलांनी सावली एक सें.मी. जास्त वाचली, तर परीघ चार हजार कि.मी.नी फुगतो! आणि एक सें.मी.ची चूक अगदी सहज होते. सूर्य हा बिंदू नाही. त्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे सावलीचे टोक रेघेसारखे स्वच्छ नसते. गडद सावली संपते आणि उजेड सुरू होतो, त्यामध्ये सुमारे दीड सें.मी.चा धूसर पट्टा असतो. टेप नेमकी कोठे लावायची? एखादी मुलगी म्हणेल, गडद भाग संपतो तेथे. दुसरा म्हणेल, धूसर भाग संपतो तेथे.

येथे पडद्याची गरज लागते. दोन्ही शाळांनी आदल्या दिवशी फोनवर समोरासमोर बोलून एकच नियम ठरवायचा. दोघांनी गडद टोक धरले तर दोन्ही कोनांत सारखीच, सुमारे पाव अंशाची चूक येईल आणि वजाबाकीत निघून जाईल. एकाने गडद आणि दुसऱ्याने धूसर टोक धरले तर मात्र उत्तर पार बिघडेल. मोजमाप म्हणजे नुसते टेप लावणे नव्हे, त्यामागे माणसांनी आपसात ठरवलेला नियम असतो, हे मुलांना येथे अनुभवाने कळते. चित्रफीत पाहून ते कळत नाही, कारण चित्रफितीतली सावली नेहमी स्वच्छ असते. आणि पृथ्वीचा परीघ फोनवर शोधून तर मुळीच कळत नाही.

यातून कामाची वाटणी आपोआप होते. जे हाताने करायचे, ज्यात चुकायचे आणि लगेच कोणाला तरी विचारायचे, ते पटांगणात आणि वर्गात. जे आपल्या गावात मिळूच शकत नाही, जसे साडेतीनशेहून अधिक कि.मी. दूर पडलेली सावली आणि ती मोजणारी मुले, ते पडद्यावर.

आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. या पाठाला सबंध वर्गात मिळून एक फोन पुरतो, तोही शिक्षकांचा. घरी फोन असण्यावर काहीच अवलंबून नाही. फोन नसलेल्या घरातला मुलगा ओळंबा धरतो, सावली वाचतो आणि जळगावच्या मुलांशी हुज्जतही घालतो. ऑनलाइनचा गृहपाठ दिला की हाच मुलगा सर्वांत आधी मागे पडतो. सांगड घालताना प्रत्येक शिक्षकाने ही कसोटी लावून पाहावी.

डिसेंबरचा दिवस निवडण्यात सोय आहे. आकाश बहुधा निरभ्र असते, सावल्या लांब असतात आणि त्या आठवड्यात सूर्याची जागा फारशी बदलत नाही. एक दिवस ढगात गेला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही शाळांनी पुन्हा मोजता येते. मे ते जुलै मात्र टाळावे. त्या काळात सूर्य सोलापूरच्या उत्तरेला जातो, सावली दक्षिणेकडे पडते आणि कोन वजा करायचे की मिळवायचे याचा गोंधळ होतो. अर्थात वरच्या वर्गातील मुलांना हा गोंधळ मुद्दाम सोडवायला द्यायलाही हरकत नाही!