मार्केटिंगला माणूस हवा, म्हणजे कोण हवा?

रत्नागिरीतल्या आंबा व्यवसायात ‘मार्केटिंगला माणूस पाहिजे’ असे म्हणतात, तेव्हा बहुधा पेट्या खपवणारा विक्रेता मनात असतो. पण विक्री आणि मार्केटिंग ही दोन कामे वेगळी आहेत. विक्री म्हणजे तयार माल देऊन पैसे आणणे. मार्केटिंग, म्हणजेच विपणन, त्याच्या आधी सुरू होते: गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवे, किंमत किती आणि त्याने आपल्यावरच विश्वास का ठेवावा, हे ठरवणे. कलमाची वर्षभर घेतलेली निगा हे विपणन. झेल्याने आंबा उतरवणे ही विक्री.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (मूळ प्रदेशावरून मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळाले. तरीही कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून विकला जातो. आपला आंबा अस्सल आहे हे गिऱ्हाइकाला पटवायला वेळ लागतो, म्हणून विपणनाचा माणूस ऐन मार्चमध्ये नव्हे, पावसाळ्यातच नेमावा. केवळ कमिशनवर ठेवला, तर तो विक्रीच करील. ठरावीक पगार आणि वेष्टन, किंमत यांबाबत निर्णयाचा अधिकार दिला, तर मुंबई-पुण्याला गेलेली आपली मुलेही परतण्याचा विचार करतील, असे मला मनापासून वाटते. मुलाखतीत ‘किती पेट्या विकाल?’ याऐवजी ‘पुण्यातले कुटुंब आपलीच पेटी का घेईल?’ असे विचारावे.