दुधाच्या हिशेबातून निसटलेले खत

पहाटे गावातील दूध संकलन केंद्रासमोर किटल्या घेऊन उभी राहिलेली माणसे पाहिली, की दुग्धव्यवसायाने ग्रामीण महाराष्ट्रात केवढे स्थान मिळविले आहे याची कल्पना येते. १९७० मध्ये देशात ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली. १९९८ पासून भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश ठरला. राज्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत दुधाने घराघरांत दर दहा दिवसांनी येणारा रोख पैसा आणला. मुलांच्या शाळेचा खर्च, दवाखाना, किराणा या पैशावर चालतो.

तथापि, हा पैसा कष्टकऱ्याच्या हाती किती उरतो, हा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होत आहे. दुधाच्या उत्पादनखर्चात चारा आणि पशुखाद्य यांचाच वाटा सर्वसाधारणपणे ६० ते ७० टक्के असतो. दुधाचा भाव मात्र उत्पादकाच्या हाती नाही. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. या गुणप्रतीला धरून ठरतो. राज्यातील अतिरिक्त दुधाची भुकटी होते आणि भुकटीचे भाव उतरले की त्याची झळ थेट गोठ्यापर्यंत पोहोचते. अशाच मंदीमुळे राज्य शासनाला जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. अशा स्थितीत लहान उत्पादकाच्या हाती उरतो तो खर्चाचा लगाम. हा लगाम त्याच्या जमिनीत आहे; आणि जमिनीचा कस गोठ्यामागच्या उकिरड्यात आहे.

दोन गाईंचा हिशेब

एक मोठे जनावर दिवसाला सुमारे १० ते १५ किलो शेण देते. सरासरी १२ किलो धरले तर दोन गाईंचे दिवसाचे शेण २४ किलो, म्हणजे वर्षाचे सुमारे पावणेनऊ टन होते. यात पाण्याचा अंश मोठा असतो. कुजून तयार झालेले खत वजनाने निम्म्याच्या आसपास, म्हणजे ४ टन भरले असे मानू. चांगल्या शेणखतात साधारणतः ०.५ टक्का नत्र, ०.२ टक्का स्फुरद आणि ०.५ टक्का पालाश असते. त्यानुसार दोन गाईंच्या वर्षभराच्या खतातून सुमारे २० किलो नत्र, ८ किलो स्फुरद आणि २० किलो पालाश मिळते. हे खत एक एकर जमिनीला पुरेसे आहे.

हा हिशेब कागदावर सुबक दिसतो. प्रत्यक्षात यातील मोठा भाग शेतापर्यंत पोहोचतच नाही. जनावराने टाकलेल्या नत्रापैकी जवळजवळ निम्मे नत्र आणि पालाशाचा बहुतांश भाग मूत्रातून बाहेर पडतो. बहुसंख्य गोठ्यांची जमीन मातीची असल्याने हे मूत्र तेथेच मुरते किंवा अंगणातून वाहून जाते. शेण उघड्या उकिरड्यावर पडते. उन्हाने त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडते आणि पावसाने उरलेले ओढ्याला जाते. काही शेणाच्या गोवऱ्या होतात व चुलीत जळतात. अशा रीतीने, चारा व पेंड विकत घेऊन जनावराला घातलेल्या अन्नद्रव्यांचा मोठा हिस्सा दरवर्षी वाया जातो.

स्वस्त युरियाची किंमत

शेतकरी हे का होऊ देतो? त्याला खताचे मोल कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे गणित वेगळे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र येते, आणि अनुदानामुळे ही गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. म्हणजे वर्षभर शेण भरणे, खड्डा करणे, खत शेतात वाहणे आणि पसरणे या साऱ्या श्रमांतून जेवढे नत्र मिळते, तेवढेच नत्र एका गोणीत डोक्यावरून घरी आणता येते. ज्या घरात मजूर नाही आणि बैल विकले गेले आहेत, तेथे उकिरड्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक होय.

परंतु हे गणित अपुरे आहे. त्या गोणीत स्फुरद नाही, पालाश नाही आणि जमिनीला जिवंत ठेवणारा सेंद्रिय कर्बही नाही. १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत नियंत्रण उठले आणि ती महागली. २०१० पासून त्यांना अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान मिळू लागले, पण युरिया त्या पद्धतीबाहेर राहिला. नत्र, स्फुरद व पालाश यांचे ४:२:१ हे सर्वसाधारण प्रमाण योग्य मानले जाते. युरिया स्वस्त व इतर खते महाग, यामुळे हे प्रमाण बिघडत गेले. शिवाय जमिनीवर फेकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र अनेकदा पिकाला लागत नाही. त्यातील काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरींत उतरते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असलेल्या जमिनीत ओल आणि अन्नद्रव्ये टिकत नाहीत. मग तेवढ्याच उत्पन्नासाठी पुढील वर्षी अधिक युरिया लागतो. स्वस्त खताची खरी किंमत ती ही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. शेणखतातील नत्र पिकाला सावकाश मिळते. पहिल्या वर्षी त्याचा काही भागच उपयोगी पडतो. म्हणून रासायनिक खते एकदम बंद करणे शहाणपणाचे नाही. माती परीक्षणानुसार शेणखताच्या जोडीने, थोड्या थोड्या हप्त्यांत आणि मातीआड करून युरिया दिला, तर कमी मात्रेत अधिक लाभ होतो.

चाऱ्यातून होणारी विषबाधा

नत्राच्या अतिरेकाचा धोका दुग्धव्यवसायाला थेटही भोवतो. मका, ज्वारी यांसारखा चारा लवकर हिरवागार व्हावा म्हणून त्यावर भरमसाट युरिया टाकला जातो. पावसाने ओढ दिली आणि पिकाची वाढ खुंटली, की घेतलेले नत्र वापरले न जाता नायट्रेटच्या रूपाने ताटात साठते. असा चारा जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचे नायट्राइट बनते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. जनावर धापा टाकू लागते, रक्त काळपट तपकिरी पडते आणि वेळीच पशुवैद्यकाची मदत न मिळाल्यास ते काही तासांत दगावते. कोवळ्या ज्वारीने होणाऱ्या किराळ विषबाधेहून ही बाधा वेगळी आहे. दुभती गाय गमावणे म्हणजे लहान कुटुंबाच्या डोक्यावर कर्ज उभे राहणे होय.

यावर साधे उपाय आहेत. चाऱ्याला खत देताच कापणी करू नये. मक्यात चवळीसारखे द्विदल पीक घ्यावे. लसूणघास मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतःच मिळविते, त्यामुळे तिला नत्र खत फार लागत नाही आणि जनावराला प्रथिनेही मिळतात. पेंडीवरील खर्चही तितकाच हलका होतो.

उकिरड्याचे खत

चांगले खत करण्यास मोठे भांडवल लागत नाही. गोठ्यात फरशी व थोडा उतार असावा. मूत्र एका लहान टाकीत जमावे, किंवा जनावराखाली पाचट, भुसा अथवा कोरडी माती अंथरून ते शोषून घ्यावे. खड्डा सावलीत, बांध घालून करावा व भरल्यावर मातीने लिंपावा. ज्यांच्याकडे शेण थोडे आहे त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ‘नाडेप’ पद्धत उपयुक्त आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा सच्छिद्र विटांच्या टाक्यात सुमारे १०० किलो शेण, दीड टनाच्या आसपास पालापाचोळा आणि माती थरांनी भरली, की तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते.

गोबरगॅस संयंत्राचा मार्गही आहे. एक घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सुमारे २५ किलो शेण लागते, म्हणजे दोन-तीन जनावरे पुरतात. गॅस चुलीला मिळतो आणि नत्र मळीत टिकून राहते. गोवरी जाळली असता नत्र नष्ट होते; येथे इंधन व खत दोन्ही हाती येतात. १९८१-८२ पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम राबविला गेला. अनेक संयंत्रे पुढे बंद पडली, कारण दुरुस्तीची सोय गावात नव्हती. हा धडा विसरता येणार नाही.

गावाचा वाटा

गुजरातमधील आणंद जिल्ह्यातील झकारियापुरा गावी राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या साहाय्याने घरोघरी संयंत्रे बसली आणि महिलांनी सहकारी पद्धतीने मळी एकत्र करून तिला बाजार मिळवून दिला. दुधाप्रमाणे मळीचेही मोल मिळते, हे तेथे सिद्ध झाले. महाराष्ट्रातही दूध संस्थांचे जाळे आहे. त्याच संस्थेला खताचे संकलन, संयंत्रांची दुरुस्ती आणि मळीची वाहतूक ही कामे अंगावर घेता येतील.

पंचायत सदस्यांनी गावातील उघडे उकिरडे मोजून प्रारंभ करावा. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गोठा आणि नाडेप टाके या कामांचा समावेश करण्यात आला होता. अशा योजनांचे प्रस्ताव ग्रामसभेतच तयार व्हावेत. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृद आरोग्य पत्रिका देण्यात आल्या, पण त्यावरील आकडे वाचून दाखविणारा कोणी नसला तर ती पत्रिका पेटीतच राहते. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून घरच्या पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा वाचून घ्यावा, दोन गाईंच्या शेणाचा वरील हिशेब वहीत मांडून घ्यावा. मुलाने मांडलेला हिशेब घरी ऐकला जातो.

दूध दररोज मोजले जाते, म्हणून त्याची किंमत सर्वांना ठाऊक असते. शेणाला माप नाही, म्हणून ते वाया जाते. संकलन केंद्राच्या फळ्यावर दुधाच्या आकड्याशेजारी गावात तयार झालेल्या खताचाही आकडा लिहिला जाऊ लागला, तर त्या दिवसापासून उत्पादकाचा हिशेब पुरा होऊ लागेल.