सात फुटी माणूस आणि पंधरा फुटांची रेघ

४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिला सामना झाला. सत्तर शाळांमधली तीन हजारांवर मुलं प्रेक्षकांत होती. एका बाजूला इंडियाना पेसर्स, दुसऱ्या बाजूला सॅक्रामेंटो किंग्ज, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा संघ. ठरल्या वेळेत बरोबरी झाली, खेळ जादा वेळेत गेला आणि पेसर्स जिंकले १३२-१३१. दोघांचे मिळून २६३ गुण आणि निकाल एका गुणाचा. होता हंगामापूर्वीचा सराव सामनाच, पण बास्केटबॉलमध्ये एक गुण देणारी गोष्ट एकच असते. बाकी सगळं दोनाचं किंवा तिनाचं. एकाचा असतो तो फक्त फ्री थ्रो.

समोरच्यानं फाऊल केला की हा फुकटचा नेम मिळतो. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुड गावातल्या कुणालाही तो मोकळ्या जागेत मोजून बघता येईल. जमिनीपासून दहा फुटांवर रिंग, तिचा व्यास दीड फूट, चेंडूचा त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. रिंगमागच्या फळ्यापासून पंधरा फुटांवर रेघ. रेघेमागे उभं राहायचं, दहा सेकंदांत चेंडू टाकायचा, आणि मध्ये कुणी हात घालायचा नाही. कबड्डीवर वाढलेल्या माणसाला हा प्रकार जरा लाडाचाच वाटेल. तिथं एका बोनस गुणासाठीही सहा-सात जणांच्या तोंडाशी पाय टाकून परत यावं लागतं.

इतका सोपा नेम, तरी जगातले सगळ्यांत महागडे खेळाडू तो चुकवतात. एनबीएमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीपासून कित्येक दशकं हे प्रमाण शंभरात ७५ च्या आसपास घुटमळत राहिलं. त्या काळात उड्या वाढल्या, पगार वाढले, तिनाच्या रेघेनं खेळाचं रूपच पालटलं. फ्री थ्रो तिथल्या तिथं. अलीकडे कुठं तो ७८ वर आलाय.

आता हिशेब मांडू. तीस संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे हंगामात एकूण १,२३० सामने. एका संघाला सामन्यामागे साधारण २२ फ्री थ्रो मिळतात. गुणाकार केला की वर्षाला सुमारे ५४,००० होतात. रेघेपासून रिंगच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर ४.२ मीटर. हे सगळे नेम एकापुढे एक जोडले तर सव्वादोनशे किलोमीटर भरतात. दिंद्रुडहून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तर ती शिरूर ओलांडून पुण्याच्या वाटेला लागेल. प्रत्येकानं आपले दहा सेकंद पुरेपूर घेतले तर नुसतं रेघेवर उभं राहण्यात दीडशे तास जातील, म्हणजे सहा दिवस-रात्रींहून जास्त. आणि यातले जवळपास बारा हजार नेम वाया जातात.

संघाला यातून काय मिळतं ते बघा. चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंत संघाची सरासरी कमाई आजच्या एनबीएत १.१ ते १.१५ गुण. पण ७८ टक्केवाला खेळाडू दोन फ्री थ्रोंसाठी रेघेवर गेला की अपेक्षित कमाई १.५६. याहून किफायतशीर धंदा या खेळात फार थोडा. उलट ५० टक्केवाला गेला तर फक्त १.०, सरासरीपेक्षाही कमी. म्हणूनच शकील ओनील या खेळाडूला प्रतिस्पर्धी मुद्दाम फाऊल करत. त्याला थांबवण्यापेक्षा त्याला रेघेवर पाठवणं स्वस्त पडायचं. कारकिर्दीत त्यानं ११,२५२ फ्री थ्रो घेतले आणि ५,३१७ चुकवले.

आता दोन संघ घ्या, एक शंभरात ८३ टाकणारा, दुसरा ७३. दोघांना सारखेच २२ मिळाले तर सामन्याला फरक पडतो २.२ गुणांचा. ऐकायला किरकोळ. पण ८२ सामन्यांत तो १८० गुणांवर जातो, आणि आकडेमोड करणाऱ्यांचा ढोबळ अंदाज असा की साधारण तीस गुणांच्या फरकामागे एक विजय जास्त मिळतो. म्हणजे सहा विजय. घाम न गाळता, कुणाला न चुकवता, उभ्या-उभ्या मिळालेले. एनबीएच्या इतिहासात संघ म्हणून सर्वोत्तम हंगाम २०२०-२१ च्या लॉस एंजेलिस क्लिपर्सचा, ८३.९ टक्के.

त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत, २० जुलै २०२१ ला, मिलवॉकी बक्सनी फिनिक्स सन्सला १०५-९८ हरवून विजेतेपद मिळवलं. प्लेऑफमध्ये तोवर बक्सचा यानिस अँटेटोकुम्पो निम्म्याहून थोडेच जास्त फ्री थ्रो टाकत होता. तो रेघेवर आला की परक्या मैदानातले प्रेक्षक मोठ्यानं सेकंद मोजायचे. त्या रात्री त्यानं १९ पैकी १७ टाकले. नेहमीसारखे ११ पडले असते तर गुणफलक ९९-९८ दिसला असता.

सलग टाकण्याची गोष्ट वेगळीच. १९९३ मध्ये मायकेल विल्यम्सनं एनबीएत सलग ९७ टाकले. त्याची कारकिर्दीतली सरासरी ८६.८ टक्के. अशा माणसाचे पुढचे ९७ नेम ओळीनं पडण्याची शक्यता नऊ लाखांत एक. त्याच वर्षी टॉम अँबेरी नावाच्या ७१ वर्षांच्या, पायांवर उपचार करणाऱ्या निवृत्त डॉक्टरांनी बारा तासांत सलग २,७५० टाकले. ते चुकले नाहीत, जिम बंद करायची वेळ झाली म्हणून थांबले. शंभरात ९९ टाकणाऱ्याला हे जमण्याची शक्यता किती? एक लाख कोटींत एक. म्हणजे डॉक्टर ९९ टक्केवाले नव्हतेच, त्याहून पुष्कळ वर होते.

आणि दुसऱ्या टोकाला सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन. त्यानं आयुष्यभरात ११,८६२ फ्री थ्रो घेतले, ६,०५७ टाकले, ५,८०५ घालवले. शंभरात ७५ टाकले असते तरी त्याच्या खात्यात सुमारे २,८४० गुण जास्त असते. गंमत म्हणजे उपाय त्याला सापडला होता. १९६१-६२ च्या हंगामात त्यानं दोन्ही हातांनी खालून चेंडू उचलून टाकायला सुरुवात केली आणि ६१ टक्क्यांवर पोचला. २ मार्च १९६२ ला हर्शी गावात एका सामन्यात त्यानं १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो होते. नेहमीच्या सरासरीनं १६ पडले असते आणि शंभरी ८८ वरच अडकली असती. याच खालून टाकण्याच्या पद्धतीनं रिक बॅरी या खेळाडूनं एनबीएत कारकीर्दभर ९० टक्के राखले. पण चेंबरलेनला ती बायकी वाटली, आपण हास्यास्पद दिसतो असं वाटलं, आणि त्यानं ती सोडून दिली. एवढ्या आडदांड माणसाला लाज वाटावी ती याची!

१९६७-६८ मध्ये तो ३८ टक्क्यांवर आला होता. ९३२ पैकी ३५४. त्या वर्षी बॉस्टनविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत त्याचा फिलाडेल्फिया संघ ३-१ असा पुढे होता. बॉस्टननं बरोबरी साधली आणि सातव्या सामन्यावर सगळं आलं. चेंबरलेनला १५ फ्री थ्रो मिळाले, त्यातले ९ चुकले. बॉस्टन जिंकलं १००-९६.